वाचक विचारतात : गाठीपर्यंत किती पोचतं?

गेल्या अंकात मी नॅनोकणांवर बसवून कर्करोगाच्या गाठीपर्यंत न्यायच्या किरणोत्सारी औषधांविषयी लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. मी किरणोत्सारी रसायनांच्या प्रयोगशाळेत काम करते, डॉक्टर नाही. त्यामुळे ‘आम्ही कोणता उपचार घ्यावा’ अशा पत्रांना इथे उत्तर देत नाही, ते रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच सांगायचं. बाकी पत्रांचं मात्र मनापासून स्वागत.

औषधनिर्माणशास्त्र शिकवणारे एक वाचक : लायपोसोममध्ये भरलेलं औषध गाठीजवळ जाऊन सुटावं म्हणून आमची सगळी खटपट चालते. त्यात किरणोत्सारी समस्थानिक भरला तर तो वेळेवर सुटेल याची खात्री तुम्ही कशी देता?

उलट, तो सुटणार नाही याची खात्री आम्हाला द्यावी लागते. तुमच्या आणि आमच्या कामातला सगळा फरक इथूनच सुरू होतो.

तुमच्या ओळखीचं डॉक्सिल घेऊ. लायपोसोममध्ये भरलेलं डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं औषध, १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं. ८० ते १०० नॅनोमीटरच्या मेदाच्या पोकळ गोळीत आधी अमोनियम सल्फेट भरायचं, बाहेर उरलेलं काढून टाकायचं आणि मग डॉक्सोरुबिसिन मिसळायचं. विद्युतभार नसलेला रेणू मेदाच्या भिंतीतून आत शिरतो, आत गेल्यावर त्याला प्रोटॉन चिकटतो, सल्फेटबरोबर त्याचे स्फटिक होतात आणि परतीची वाट बंद होते. औषध भरण्याची ही युक्ती मला अजूनही अतिशय देखणी वाटते. पण गाठीत पोचल्यावर तेच औषध बाहेर यावं लागतं, कारण पेशीच्या केंद्रकात शिरून डीएनएला भिडल्याशिवाय ते काहीच करू शकत नाही. आत अडकून राहिलेलं डॉक्सोरुबिसिन रुग्णाला दिलं काय आणि न दिलं काय, सारखंच.

ल्युटेशियम-१७७ या किरणोत्सारी समस्थानिकाचं तसं नाही. त्याचा बीटा कण, म्हणजे केंद्रकातून सुटलेला इलेक्ट्रॉन, ऊतकात जास्तीत जास्त दोन मिलिमीटरपर्यंत जातो. लायपोसोमची भिंत असते पाचेक नॅनोमीटर जाडीची, तिचा अडथळा होण्याचा प्रश्नच येत नाही. ल्युटेशियम आत बसूनच मारा करतं, आणि तोही शेजारच्या कितीतरी पेशींपर्यंत, त्यामुळे गाठीतल्या प्रत्येक पेशीला स्वतंत्र कण मिळायला हवा असंही नाही. मात्र ते वाटेत सुटलं तर हाडात जाऊन बसतं, आणि रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जा त्याच्या माऱ्यात सापडते.

म्हणून कण तयार झाले की आमचं पहिलं काम पट्टीचं. सिलिका लावलेल्या काचतंतूंच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी घ्यायची, तळाशी मिश्रणाचा बारीक थेंब ठेवायचा आणि टोक सायट्रेटच्या द्रावणात बुडवायचं. मोकळं ल्युटेशियम सायट्रेटबरोबर वर चढतं, कणांना बांधलेलं तळाशीच राहतं. पट्टी वाळली की कात्रीने आडवी कापायची आणि दोन्ही तुकडे गॅमा काउंटरमध्ये मोजायचे. तळाच्या तुकड्यात ९५ टक्क्यांपेक्षा कमी भरलं तर ती बॅच मी पुढे जाऊ देत नाही, उंदरांपर्यंतसुद्धा नाही. एवढ्यावर काम संपत नाही. तेच कण रक्तद्रवात ३७ अंशांवर ठेवायचे आणि आठवडाभर पुन्हा पुन्हा पट्टी काढायची, कारण ल्युटेशियमचं अर्धायुष्य ६.६५ दिवसांचं आहे आणि तितका काळ ते बांधलेलं राहायला हवं. पहिल्या तासाचा सुरेख आकडा दाखवणारे पुष्कळ भेटतात. मी सातव्या दिवसाचा मागते.

विज्ञानविषयक लेखन करणाऱ्या एक वाचक : टोचलेल्या नॅनोकणांपैकी शंभरातला एकही गाठीत पोचत नाही, असं वाचलं. मग इतकी वर्षं हा खटाटोप कशासाठी? शिवाय ‘नॅनो म्हणजे दुष्परिणाम नाहीत’ असंही ऐकायला येतं.

आकडा खरा आहे. टोरोंटो विद्यापीठातल्या गटाने २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा गाठीत पोचलेल्या मात्रेचा मध्यक ०.७ टक्के निघाला. आमच्या क्षेत्रात त्यावरून खूप वाद झाला. टक्का कमी असला तरी गाठही लहान असते, तेव्हा ‘दर ग्रॅममागे किती’ हे बघा, असं बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं. त्यात तथ्य आहेच. तरीही तो आकडा प्रसिद्ध झाला हे फार चांगलं झालं, असं माझं मत आहे.

त्याआधी सगळ्यांचा भरवसा होता १९८६ च्या एका निरीक्षणावर. मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी दाखवलं होतं की गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात आणि लसिकावाहिन्यांचा निचरा कच्चा असतो, त्यामुळे मोठे रेणू तिथे झिरपतात आणि साचून राहतात. उंदरांत हे छान दिसतं, कारण त्यांच्यात रुजवलेली गाठ थोड्या दिवसांत भराभर वाढते. माणसाची गाठ कित्येकदा वर्षानुवर्षं हळूहळू वाढलेली असते आणि तिच्या वाहिन्या तितक्या गळक्या असतीलच असं नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांना तांबे-६४ लावलेले लायपोसोम देऊन चित्रं काढली, तेव्हा रुग्णागणिक फरक दिसला आणि एकाच रुग्णाच्या दोन गाठींतही दिसला.

बाकीचे ९९ टक्के जातात कुठे? सहा नॅनोमीटरहून लहान कण मूत्रपिंडातून गाळले जाऊन लघवीवाटे निघून जातात. फार मोठे प्लीहेत अडकतात. मधल्यांवर रक्तातली प्रथिनं चिकटतात आणि यकृतातल्या कुफर पेशी त्यांना गिळतात. रक्तातला परका कण पकडणं हे यकृताचं रोजचं कामच आहे. कणावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं आवरण चढवलं की ही पकड लांबते, टळत नाही. यकृताच्या याच सवयीचा वैद्यकाला उपयोगही झालेला आहे. सोने-१९८ चे कलिल कण १९५० च्या दशकातच रुग्णांना देत असत आणि त्यावरून यकृताचं चित्र काढत असत. आजही स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेपूर्वी टेक्निशियम-९९एम लावलेले कलिल कण गाठीजवळ टोचतात, ते निचऱ्याच्या वाटेवरच्या पहिल्या लसिकाग्रंथीत जाऊन थांबतात, आणि नेमकी कोणती ग्रंथी काढून तपासायची हे शल्यविशारदाला हातातल्या शोधकावर कळतं. शरीर कण जिथे नेतं तिथेच आपल्याला जायचं असेल तर काम किती सरळ होतं, याचा हा उत्तम दाखला आहे.

दुष्परिणामांचं म्हणाल, तर जे ऐकलंत ते साफ चूक आहे. लायपोसोममध्ये घातल्यावर डॉक्सोरुबिसिनचा हृदयावरचा घात कमी झाला, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. पण कण रक्तात जास्त वेळ फिरू लागल्यावर तळहात-तळपाय लाल होणं, सोलवटणं हा त्रास पुढे आला. औषधाची वाट बदलली की त्रासाची जागाही बदलते.

आता ‘खटाटोप कशासाठी’ याचं उत्तर. रसायन शरीरात कुठे गेलं हे एरवी रक्त तपासून किंवा ऊतकाचा तुकडा काढून शोधावं लागतं. गॅमा देणारा समस्थानिक स्वतःच सांगतो, कॅमेऱ्यापुढे रुग्णाला झोपवलं की झालं. फक्त चित्रात दिसतो तो समस्थानिक, कण नव्हे, हे भान सुटता कामा नये. टेक्निशियम लावलेल्या कणांच्या चित्रात थायरॉइड आणि जठर उजळलेलं दिसलं, तर टेक्निशियम कणापासून सुटून परटेक्निटेट या मोकळ्या रूपात आलंय असं समजावं. झिर्कोनियम-८९ सुटलं तर हाडं उजळतात. अशी चित्रं ‘आमचे कण हाडापर्यंत पोचतात’ अशा मथळ्याखाली माझ्याकडे परीक्षणासाठी येतात, तेव्हा मी एकच गोष्ट मागते : अवयववार पूर्ण हिशेब, लघवी आणि विष्ठेसकट, बेरीज शंभराच्या जवळ जाईल असा. नुसत्या आक्रसलेल्या गाठीच्या फोटोवर माझं समाधान होत नाही.

एक अभियंता वाचक : अल्फा कण इतके प्रभावी असतील तर बीटा देणारे समस्थानिक वापरायचेच कशाला? ॲक्टिनियम नॅनोकणात बंद केलं की झालं ना?

हा प्रश्न आला याचा मला फार आनंद झाला. अणुकेंद्रकाचं भौतिकशास्त्र आणि रक्ताभिसरण इथे अगदी समोरासमोर उभे ठाकतात.

अल्फा म्हणजे दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनचा जड कण, आणि त्याचा जोर खरा आहे. ऊतकात तो ५० ते १०० मायक्रोमीटर जातो, म्हणजे चारसहा पेशी, आणि तेवढ्या अंतरात आपली सगळी ऊर्जा ओततो. दर मायक्रोमीटरमागे सुमारे १०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. बीटाचा हाच आकडा ०.२ च्या आसपास असतो. डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटायला अल्फा पुरतो, आणि तशी तूट सांधणं पेशीला फार कठीण जातं. रेडियम-२२३ ला २०१३ मध्ये मान्यता मिळाली ती हाडात पसरलेल्या प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी. रेडियम कॅल्शियमसारखं वागतं, त्यामुळे त्याला वाहनच लागत नाही, ते आपणहून हाडात जातं. ॲक्टिनियम-२२५ ला मात्र न्यावं लागतं.

ॲक्टिनियमचं अर्धायुष्य दहा दिवसांचं, आणि एका अणूमागे चार अल्फा मिळतात. ॲक्टिनियमचं होतं फ्रान्सियम-२२१, ते ४.८ मिनिटांत निम्मं होतं. त्यातून ॲस्टॅटिन-२१७, ३२ मिलिसेकंदांचं. मग बिस्मथ-२१३, ४५.६ मिनिटांचं. त्यातून क्षणात विरणारं पोलोनियम-२१३, पुढे शिसं-२०९ आणि शेवटी जवळजवळ स्थिर बिस्मथ-२०९.

अडचण पहिल्याच पायरीवर येते. अल्फा एका बाजूला सुटला की उरलेलं केंद्रक उलट दिशेला फेकलं जातं, गोळी सुटल्यावर बंदूक मागे धक्का देते तसं. दोघांचा संवेग सारखा, म्हणून ऊर्जेची वाटणी वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात होते. अल्फाची ऊर्जा ५.८ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, तिला ४ ने गुणा आणि २२१ ने भागा. फ्रान्सियमच्या वाट्याला सुमारे १,०५,००० इलेक्ट्रॉनव्होल्ट येतात. ॲक्टिनियमला पकडून ठेवणारा डोटासारखा वलयाकार रेणू घ्या. त्याचा एकेक बंध फार तर काही इलेक्ट्रॉनव्होल्टचा. रसायनशास्त्रात असा कुठलाच बंध नाही जो हा धक्का सोसेल. उत्तम रसायनज्ञ नेमला म्हणून यात काही फरक पडत नाही, हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले होते.

मग रेणू नको, भिंतीआड ठेवू, ही तुमची कल्पना. आता अंतर बघा. पाण्यासारख्या माध्यमात हे फेकलेलं केंद्रक ८० ते १०० नॅनोमीटर जाऊन थांबतं. आणि रक्तात फिरायला, गाठीत झिरपायला कण असावा लागतो साधारण शंभर नॅनोमीटरचा. म्हणजे मधोमध ठेवलेला अणूसुद्धा पहिल्याच धक्क्यात भिंतीबाहेर पडू शकतो, आणि असे एकामागून एक धक्के बसणार असतात. बिस्मथ-२१३ निम्म्याहून जास्त आत राहायचं तर लायपोसोमचा व्यास सुमारे ६५० नॅनोमीटर लागेल, असं गणित २००४ मध्येच मांडलं गेलं. तेवढा मोठा कण शिरेतून दिला तर प्लीहा आणि यकृत त्याला पुढे जाऊ देत नाहीत. बाहेर पडलेलं बिस्मथ पाऊण तासाच्या अर्धायुष्यात आरामात मूत्रपिंडात पोचतं, आणि उरलेला अल्फा तिथे सुटतो.

यातून वाटा काढल्या गेल्या आहेत. एक म्हणजे दाट पदार्थ वापरायचा. लँथॅनम फॉस्फेटच्या कणात ॲक्टिनियम घालून त्यावर गॅडोलिनियम फॉस्फेटचे थर आणि सगळ्यांत बाहेर सोन्याचं कवच, असे कण २०१३ मध्ये करून पाहिले आहेत. दाट पदार्थात केंद्रक लवकर थांबतं, त्यामुळे कण लहान ठेवता येतो. दुसरी वाट मला जास्त पटते : वाहन पेशीच्या आत शिरेल असं करायचं. मग केंद्रक वाहनातून निसटलं तरी पेशीतच राहतं आणि पुढचे अल्फा तिथेच खर्ची पडतात. ॲक्टिनियम आणि प्रतिपिंडं वापरून हे २००१ मध्ये प्राण्यांत दाखवलं गेलं. तिसरी वाट म्हणजे समस्थानिकच बदलायचा. ॲस्टॅटिन-२११ एकच अल्फा देतं, त्यामुळे पुढच्या पिढ्यांचा घोर नाही. पण ७.२ तासांचं अर्धायुष्य म्हणजे सायक्लोट्रॉनमध्ये बिस्मथवर मारा करून ते बनवायचं, वेगळं करायचं, वाहनावर बसवायचं, तपासायचं आणि रुग्णापर्यंत न्यायचं, सगळं एका दिवसात.

बीटा देणारे समस्थानिक का सोडत नाही, हे आता लक्षात येईल. बीटा सुटताना केंद्रकाला बसणारा धक्का बंध तोडण्याइतका क्वचितच असतो. ल्युटेशियमचं होतं स्थिर हाफ्नियम, आणि गोष्ट तिथेच संपते. शिवाय गाठ सेंटिमीटरभर असेल आणि कण तिच्या कडेलाच पोचले असतील, तर दोन मिलिमीटरचा पल्ला अल्फाच्या जोरापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

एका रुग्णाची मुलगी : वडिलांना ल्युटेशियमचं औषध देणार आहेत. ते नॅनोऔषध आहे का? आणि घरात लहान मूल आहे, त्याला धोका होईल का?

ताई, सध्या वापरात असलेली ल्युटेशियमची मान्यताप्राप्त औषधं नॅनोकण नाहीत. कर्करोगाच्या पेशीवरच्या विशिष्ट जागेला जाऊन चिकटणारे ते लहान रेणू आहेत. लहान असल्यामुळेच, जे गाठीला चिकटत नाही ते मूत्रपिंडातून लवकर निघून जातं. पहिल्या दोन दिवसांत निम्म्याहून बरंच औषध लघवीवाटे बाहेर पडतं.

नेहमीचा एका वेळचा डोस ७.४ गिगाबेकरेल इतक्या किरणोत्साराचा असतो, आणि त्यातल्या ल्युटेशियम-१७७ चं वजन भरतं दोन मायक्रोग्रॅमहूनही कमी. बीटा कण वडिलांच्या शरीरातच थांबतात. बाहेर येतात ते थोडे गॅमा किरण, आणि त्यांच्यासाठीच अंतर पाळायचं. भरपूर पाणी, शौचालय वापरल्यावर दोनदा फ्लश, हात स्वच्छ धुणं, बाळाला मांडीवर घेणं किंवा जवळ घेऊन झोपणं काही दिवस टाळणं, गरोदर स्त्रीपासून दूर राहणं. किती दिवस, हे डोस आणि मोजमाप बघून विभागातले लोक लिहून देतात. तो कागद घेतल्याशिवाय निघू नका, आणि घरात लहान मूल आहे हे त्यांना आधीच सांगा. त्याच खोलीत बसून वडिलांशी गप्पा मारायला मात्र बिचकू नका. या दिवसांत त्यांना माणसांची गरज असते.

विज्ञान शाखेची एक विद्यार्थिनी : मला अणुकेंद्रकाचं भौतिकशास्त्र आवडतं. औषधांच्या कामात त्याचा उपयोग समस्थानिक बनवून देण्यापुरताच आहे का?

अजिबात नाही, आणि तुझ्यासाठी मी बोरॉनचं उदाहरण निवडलंय. न्यूट्रॉनचा शोध लागला १९३२ मध्ये. चारच वर्षांनी गॉर्डन लॉकर यांनी सुचवलं की गाठीत बोरॉन-१० साठवावं आणि वरून मंद न्यूट्रॉन सोडावेत. बोरॉनने न्यूट्रॉन गिळला की त्याचे दोन तुकडे होतात, अल्फा आणि लिथियम-७. एकाचा पल्ला सुमारे ९ मायक्रोमीटर, दुसऱ्याचा ५, म्हणजे सगळा घात त्याच पेशीत. अमेरिकेत १९५० च्या दशकात रुग्णांवर केलेले पहिले प्रयत्न फसले, कारण बोरॉन गाठीपेक्षा रक्तातच जास्त होतं आणि न्यूट्रॉन खोलवर पोचत नव्हते. २०२० मध्ये जपानने डोक्याच्या आणि मानेच्या कर्करोगासाठी या उपचाराला मान्यता दिली, तीही अणुभट्टीऐवजी त्वरकातून न्यूट्रॉन मिळवून. बोरॉन पोचवण्याचं काम अजून कठीणच आहे. एक ग्रॅम गाठीत २० ते ३० मायक्रोग्रॅम बोरॉन-१० लागतं, म्हणजे दर पेशीमागे अब्जभर अणू. एवढा भार वाहायला लायपोसोमसारखे कण सोयीचे, म्हणून त्यांच्यावर काम चाललं आहे.

आता तुझा भाग. एखादा अणू मंद न्यूट्रॉन किती सहज पकडतो ते त्याच्या ‘क्षेत्रा’वरून कळतं, आणि ते बार्न या एककात मोजतात. बोरॉन-१० चं न्यूट्रॉन पकडण्याचं क्षेत्र ३,८४० बार्न, हायड्रोजनचं ०.३३, नायट्रोजनचं १.८. वाटतं, बोरॉनपुढे बाकीच्यांची काय कथा. पण ऊतकाच्या वजनात दहा टक्के हायड्रोजन असतो. २५ मायक्रोग्रॅम बोरॉन धरून अणूंची संख्या काढ आणि क्षेत्राने गुण : हायड्रोजन बोरॉनच्या तिपटीहून जास्त न्यूट्रॉन गिळतो. सुदैवाने तो जो २.२ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा सोडतो, त्याची बरीचशी ऊर्जा शरीराबाहेर निघून जाते. नायट्रोजन मात्र प्रोटॉन सोडतो आणि त्याची सुमारे ०.६ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा जागच्या जागी उतरते, निरोगी पेशीतसुद्धा. बोरॉनच्या दोन तुकड्यांची मिळून २.३ धर आणि ऊतकात वजनाने अडीच टक्के नायट्रोजन धर. गाठीत बोरॉनमुळे उतरणारी ऊर्जा नायट्रोजनच्या किती पट, ते काढ. मग बोरॉन २५ ऐवजी ५ मायक्रोग्रॅमच पोचलं असं धरून पुन्हा काढ, आणि दोन्ही उत्तरं मला पाठव. तपासून परत पाठवीन.